हातावर टेकून

९ मार्च २०२५, रविवार

एकाच वाक्यात देव म्हणतो, मी अपराधाची क्षमा करतो. आणि त्याच वाक्याच्या शेवटी – पण अपराध्याला मुळीच सोडत नाही. मध्ये पूर्णविरामसुद्धा नाही! चौतीस वर्षं मराठी शिकवली. असं वाक्य पोरांच्या वहीत आलं असतं तर खाली लाल रेघ ओढली असती.

वाक्य धरमसिंगनं आणलं. मानोऱ्याजवळच्या बंजारा तांड्यावरचा. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती, तेवढीच ओळख. दिवाळीनंतर ऊस तोडायला जातो, यंदा कारखाना लवकर बंद झाला म्हणून परत आला. इब्री, म्हणजे यहुदी लोकांचं जुनं शास्त्र काखेत. पानापानांत बसच्या तिकिटांच्या खुणा.

अकरा वर्षांपूर्वी तो उसाच्या फडातच मरायला टेकला होता. कावीळ. तिथल्या दवाखान्यात एक नर्स उशाशी बसून प्रार्थना करायची. तिनंच हे पुस्तक दिलं. हा उठला. तेव्हापासून त्याचा देव एकच – न दिसणारा, मूर्ती न चालणारा. तांड्यावर असा हा एकटा.

पण त्याच आठवड्यात इकडे त्याच्या आईनं, भुरीबाईनं, पोहरादेवीला नवस बोलला होता. माझा पोरगा उठला तर त्याच्या हाताला धरून तुझ्या दारात येईन, माथा टेकीन. पोरगा उठला. दारात मात्र गेला नाही. मूर्तीपुढे कसा जाणार? रामनवमीला तिथे यात्रा भरते; अकरा नवम्या गेल्या. आता म्हातारीचे गुडघे संपले, नजर धूसर झाली. सुनेनं, चंदानं, हात पुढे केला तर नको म्हणते. नवस पोराच्या हाताचा आहे. पुढची नवमी काही दिसत नाही म्हणते. यंदाची सहा एप्रिलला.

नेलं तर देवाची आज्ञा मोडते. नाही नेलं तर आई नवस डोक्यावर घेऊन मरते. आणि हे वाक्य – क्षमा करतो, सोडत नाही – त्याला कुठल्याच बाजूला जाऊ देत नाही.

मी म्हटलं, अहो, मी जैन. मला तुमच्या शास्त्रातलं काय कळतं?

"तुमी मराठीच्या ना मॅडम," तो म्हणाला. "वाक्याचा अर्थ तुमी सांगा. देव कोन्ता, ते मी पाहून घेईन."

पुस्तक ठेवून गेला.


१० मार्च

केशरीचंदनं पुस्तक पाहिलं. माझा भाऊ; खाली त्याचं कापडाचं दुकान, वर मी. म्हणाला, रिटायर झाल्यावर लोक शिखरजीले जाते, तू इस्राएलले निघाली काय?

तासाभरानं चहा घेऊन वर आला. कुठपर्यंत आलं ते विचारायला.


१३ मार्च

चार दिवस दुसरं काही वाचलं नाही.

दुसऱ्याच आज्ञेत स्वच्छ लिहिलंय – वर आकाशात, खाली पृथ्वीवर, पाण्यात जे जे आहे त्याची प्रतिमा करू नको. पाच-सहा पानं उलटली तर तोच देव सोन्याचे दोन पंखवाले घडवायला सांगतो! मापासकट. कशावर बसवायचे? आज्ञांच्या पाट्या ज्या पेटीत ठेवायच्या तिच्या झाकणावर. आणि त्या झाकणाचं नाव – दयासन. म्हणजे खाली 'मूर्ती करू नको' ही आज्ञा, वर मूर्ती, आणि त्या दोन पंखांच्या मधल्या रिकाम्या जागेतून तो बोलणार, तिथेच क्षमा होणार.

रिकामी जागा! मी पुस्तक मिटून गच्चीत गेले. उन्हात उभी राहिले.

पुढे रानात लोकांना साप चावतात. देव म्हणतो, पितळेचा साप कर, खांबावर टांग, जो त्याच्याकडे पाहील तो जगेल. जगतात. काही शतकांनी एक राजा तोच साप फोडून टाकतो, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागलेत. शास्त्र या राजाचीही वाहवा करतं. करणाराही बरोबर, फोडणाराही बरोबर.

बापाचं पाप तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पाहीन, असं एकीकडे. मुलगा बापाचं पाप वाहणार नाही, असं दुसरीकडे. कोणी जुळवून घेतलेलं नाही. कोणी लपवलेलंही नाही.

विसंगती म्हणून वहीत मांडायला बसले होते. पाचव्या ओळीला थांबले. चूक करणारा माणूस चूक झाकतो. इथे झाकलेलं काहीच नाही. डोंगराला कोणी विसंगत म्हणत नाही, इकडून वेगळा दिसतो आणि तिकडून वेगळा दिसतो म्हणून.

ही उपमा खोडायला हवी. राहू दे.


१४ मार्च

धुळवड. दार लावून वाचलं.


१६ मार्च, रविवार

तांड्यावर गेले. न पाहता कसं सांगणार कुणाला काही?

भुरीबाई लिंबाखाली खाटेवर. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण. माझा हात हातात घेऊन चाचपून पाहिला, मग विचारलं, जैनाची ना तू? हो म्हटलं.

"तुमच्या देवाले कपडा नाही. आमच्या याडीले साडी. अन् ह्याच्या देवाले तं अंगच नाही! थंडी वाजली तं पांघरून कोठी टाकावं?"

याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. देवीलाही तेच म्हणतात. मी हसले. चंदा पदर तोंडाला लावून हसली. धरमसिंग खाली बघत होता, पण खांदे हलत होते.

मग म्हातारीनं सगळं सांगितलं, जसं त्यानं सांगितलं होतं तसंच, फक्त उलट्या टोकाकडून. तिच्या सांगण्यात नर्स नाही. तिच्या सांगण्यात ती स्वतः आहे, अनवाणी, पोहऱ्याच्या वाटेवर. शेवटी म्हणाली, पोरगा एक अन् वाचवनारे दोघं. भांडू दे त्यायले तिकडं. मी बोलली ते मले फेडू दे.

मी हळूच विचारलं, तुमचे गुडघे देवीला दिसत नाहीत का? घरूनच हात जोडले तर माफ नाही करणार?

"करते ना. याडीच ते. माफ करते म्हनूनच तं जा लागते. जे माफच करत नाही, त्याच्या दारात कोन जाते?"

आठवडाभर मी पानांतून जे शोधत होते ते हिनं खाटेवर पाय हलवत सांगितलं.


१९ मार्च

सापडलं! शास्त्रातल्या गीतांमध्ये. कवी देवाला म्हणतो – तुझ्यापाशी क्षमा आहे, म्हणून तुझं भय धरतात. मी असते तर 'शिक्षा आहे, म्हणून' लिहिलं असतं. कुणीही तसंच लिहिलं असतं. अडीच हजार वर्षांमागचा कुणी यरुशलेमकर आणि तांड्यावरची भुरीबाई. एकच 'म्हणून'. व्याकरणात उभयान्वयी अव्यय म्हणतात त्याला. मुलांना किती वेळा शिकवलं मी हे. आणि मला आज कळतंय.

आमच्याकडे मूर्ती आहेत, गावोगाव. पण माफ करणारा कोणी नाही. भगवंत माफ करत नाहीत, शिक्षाही करत नाहीत. केलेलं आपलं आपण भोगून संपवायचं. वर्षातून एकदा आम्ही क्षमा मागतो ती एकमेकांची, मुंगीचीसुद्धा. देवाची नाही. यांच्याकडे माफ करणारा आहे, मूर्ती नाही. मी साठ वर्षं या दोन गोष्टी एकत्रच असतात असं धरून चालले होते.


२१ मार्च

आज दुपारी नामान सापडला.

नामान परका. अराम देशाचा सेनापती, अंगावर कोड. इस्राएलच्या संदेष्ट्याकडे, अलीशाकडे, येतो. नदीत सात बुड्या मारतो, बरा होतो. म्हणतो, आता तुझाच देव माझा देव, दुसऱ्या कुणाला भजणार नाही. इथपर्यंत हा धरमसिंगच.

मग दारातून निघताना तो घुटमळतो. म्हणतो, एका गोष्टीची मात्र तुझ्या देवानं मला क्षमा करावी. माझा धनी, आमचा म्हातारा राजा, रिम्मोन देवाच्या देवळात नमन करायला जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो. तो वाकला की मलाही वाकावं लागतं. या एका गोष्टीची क्षमा करावी.

माझ्या हातावर टेकतो! आपलं क्रियापद पाहा. हातावर टेकतो, माथा टेकतो. आधार घेणं आणि नमस्कार करणं, दोन्हीला एकच शब्द. माणूस कुणावर टेकला की कुठेतरी नमस्कार होतोच.

आणि तो पाप करण्याआधी क्षमा मागतोय. झालेल्याची नाही, होणाऱ्याची. एकाच वाक्यात दोनदा मागतो, इतका घाबरलेला आहे.

अलीशाचं उत्तर दोन शब्दांचं. शांतीनं जा.


२३ मार्च, रविवार

धरमसिंगला वाचून दाखवलं. त्यानं हे पान कधी पाहिलंच नव्हतं. त्याच्या प्रार्थनासभेचे पाळक महिन्यातून एकदा येतात, त्यांनीही कधी काढलं नव्हतं. शेवटी म्हणाला, राजाच्या जागी माही माय.

मग मुद्द्यावर आला. "अलीशा हो म्हनाला का नाही म्हनाला?"

मी समजावलं. 'जा' हे आज्ञार्थी. त्यात होकार नाही, नकार नाही. क्षमा हा शब्द नामानच्या तोंडी दोनदा आहे, अलीशाच्या तोंडी एकदाही नाही.

म्हणजे टाळलं त्यानं? माहीत नाही म्हटलं. म्हणजे मंजूर होतं, पण लोकांपुढे बोलता येत नव्हतं? माहीत नाही. देवानं ऐकलं का? तेही लिहिलेलं नाही. वर्गात मी कधी इतक्या वेळा माहीत नाही म्हटलं नसेल.

उठला. येतो मॅडम, म्हणाला. मी म्हटलं, या.

तिसऱ्या पायरीवर थांबला. "आपल्यात 'जा' कोनी म्हनत नाही. मयताले म्हनते, नाही तं दुश्मनाले. त्यानं 'जा' काहून म्हटलं असन?"

तो उतरून गेला. मला इब्री येत नाही. त्या भाषेत निरोप कसा देतात, मला काय ठाऊक.


२४ मार्च

त्यानं पाळकांना फोन केला म्हणे. दुसरी आज्ञा स्पष्ट आहे, असं उत्तर आलं. मग प्रेमानं म्हणाले, मीही माझ्या आईसाठी रडलो आहे.


२९ मार्च

धरमसिंग आला. बसलाही नाही. ठरलं, मायले नेतो, म्हणाला.

मी विचारलं, कशावरून ठरलं?

"तुमी 'या' म्हटलं."

मला कळेना. त्यानं सांगितलं. मनाशी धरूनच 'येतो' म्हणाला होता त्या दिवशी – मॅडम काय म्हणते पाहावं. शास्त्रातला माणूस 'जा' म्हणाला, त्याचा अर्थ लागत नाही. पण मी 'या' म्हटलं. म्हणजे तिकडे गेलो तरी वापस येता येते. दार लागत नाही.

मी म्हटलं, अरे बाबा, ते मी सगळ्यांनाच म्हणते! दूधवाल्याला, सिलिंडरवाल्याला. सवयीचा शब्द आहे तो.

"त्यायले पन खरंच म्हनता ना?"

खरंच म्हणते.

तो गेला तेव्हा मला 'या' म्हणवेना. आणि दुसरं तर काहीच म्हणता येईना. नुसती मान हलवली.


३० मार्च

पाडवा. केशरीचंदनं वर श्रीखंड पाठवलं. त्याला सगळं सांगितलं तर म्हणाला, तू आता पाळक झाली का भटजी? मग रिकामी वाटी उचलली. बुढीले जीप लागन, माह्या ओळखीचा आहे एक, म्हणाला.


१ एप्रिल

मी कोण होते बोलणारी? आज पुन्हा पुस्तक उघडलं, माझ्याच शब्दाला आधार शोधायला.

मनश्शे नावाचा राजा आहे. पंचावन्न वर्षं राज्य. देवळात मूर्ती बसवल्या, मुलगा आगीत होमला, निरपराधांच्या रक्तानं शहर भरलं. एका ग्रंथात लिहिलंय, परमेश्वराला त्याची क्षमा करणं मान्य नव्हतं. त्याच्यापायी पुढे सगळं शहर बुडालं. दुसऱ्या ग्रंथात तोच राजा. पण इथे शत्रू त्याला नाकात आकडे अडकवून नेतात, तिथे कैदेत तो रडतो, आणि देव त्याचं ऐकतो. घरी परत आणतो!

एकाच माणसाला माफ केलं, आणि केलं नाही. शंभरेक पानांच्या अंतरावर.

कुणीतरी एक माणूस असेल. लेखनिक. दोन्ही गुंडाळ्या त्याच्यापुढे असतील. एक काढून टाकणं अगदी सोपं होतं. मी काढली असती. संपादन म्हणून मी जन्मभर तेच केलं. त्यानं दोन्ही ठेवल्या. मला आज दिवसभर त्या माणसाचे हात दिसतायत. त्याला काय माहीत होतं जे मला माहीत नाही?

आधार सापडला नाही. पण भीती थोडी वेगळी झाली. लहान झाली असं नाही.


३ एप्रिल

तांड्यावर तालीम. मुद्दाम बोलावलं म्हणून गेले.

धरमसिंगचा बेत असा – आपण ताठ उभं राहायचं, हात नुसता कठड्यासारखा पुढे धरायचा. आई वाकेल. आपण नाही. हात आईचा, पाठ देवाची.

घराच्या उंबऱ्यापुढे उभे राहिले दोघं. भुरीबाईनं दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं आणि वाकली. तो ताठ राहिला. तिचे गुडघे लटलटले, कलंडलीच असती. त्यानं झटक्यात वाकून सावरली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा ती पुरती खाली गेली तेव्हा त्याचं कपाळ तिच्यापेक्षा उंबऱ्याजवळ होतं. चंदा म्हणाली, देवी इकडंच आली काय आज? सगळे हसले.

भुरीबाई हसली नाही. एका हातानं त्याची पाठ चाचपली, मानेपासून खालपर्यंत, बैलाची पाहतात तशी. "तू वाकला."

"वाकाच लागते माय. नाही तं पडशीन."

तिनं हात काढून घेतला. पाणी मागितलं.

रस्त्यापर्यंत सोडायला आला तेव्हा तो म्हणाला, तिकडंही हेच होणार. वाकीन. नामानासारखी माफी आधीच मागून ठेवली, दोनदा. चेहरा मात्र माफी मिळालेल्या माणसाचा नव्हता. तीन-चार दिवसांत जेवलेला वाटला नाही. मी विचारलं, आईला नामानची गोष्ट सांगितली का? नाही म्हणाला. तिले वाटन मी तिच्यापायी पाप करून राह्यलो. मग ती येनार नाही.


५ एप्रिल

उद्या. जीप सकाळी सहाला.

मी प्रार्थना करत नाही. मागण्याची आमच्यात रीत नाही. आज हात जोडून बसले आणि कुणाकडे तोंड करावं ते कळेना. तशीच बसले. ती रिकामी जागा आठवली, दोन पंखांमधली.


६ एप्रिल, नवमी

फोन लागत नाही. तिकडे गर्दी असेल.


७ एप्रिल

धरमसिंग आला. उभ्यानंच सांगितलं.

चार तास रांगेत. मग दार. पुढे देवी, मागून लोकांचा रेटा. आई थांबली, दोन्ही हात त्याच्या मनगटावर. वाकली नाही. ताठ उभी राहून देवीशी बोलली, मोठ्यानं, आजूबाजूचे बघत राहिले: "याडी, आनला पाह्य. हाच तो. पन मी वाकनार नाही. मी वाकली तं ह्याले वाका लागते, अन् ह्याचं त्याच्या देवाशी बोलनं झालं आहे. तेवढ्याची मले माफी कर." दोनदा म्हणाली.

मी धरमसिंगला पुन्हा विचारलं. नाही, नामानचं नावही तिच्या कानावर गेलेलं नाही.

तो खिडकीकडे तोंड करून उभा होता. "मी अर्धा वाकलो होतो, मॅडम. तिनंच मले वर ओढलं."